बंदुकीचे वजन

दोनएक वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी सकाळी मला अमेरिकेतून फोन आला. फोन करणारी माझी जुनी विद्यार्थिनी. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात तिने बी. ए.ला राज्यशास्त्र घेतले होते. पुढे लग्न झाले, नवऱ्याला तिकडे कॉम्प्युटरच्या कामाची नोकरी लागली आणि दोघे न्यू जर्सी राज्यात राहू लागले. इकडची विचारपूस झाली. पाऊस कसा आहे, कॉलेजात जुन्यांपैकी कोण उरले आहे, हे सगळे झाले. मग ती म्हणाली, "सर, आमची मुलगी आता दुसरीत आहे. काल शाळेतून आली आणि सांगायला लागली, आज बाईंनी दिवे घालवले, दार आतून लावून घेतलं, आणि आम्ही सगळे कोपऱ्यात भिंतीला टेकून गप्प बसलो. बोलायचं नाही, हसायचं नाही. आणि मग मला विचारते, आई, मला शिंक आली तर?"

ही शाळेतली कवायत होती. आगीची घंटा झाली म्हणजे मुलांना रांगेने बाहेर कसे काढायचे, हे जसे शिकवतात, तसेच कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरला तर मुलांनी काय करायचे, हे अमेरिकेतल्या बहुतेक सरकारी शाळांतून शिकवले जाते. आपल्यापैकी जे शिक्षक असतील त्यांनी क्षणभर आपला दुसरीचा वर्ग डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे त्या बाईंवर काय जबाबदारी आहे हे ध्यानात येईल.

माझी विद्यार्थिनी पुढे म्हणाली, "सर, तुम्ही आम्हाला शिकवलंत की लोकशाहीत बहुसंख्यांचं चालतं. इथे तर ज्याला विचारावं तो म्हणतो, बंदूक विकताना घेणाऱ्याची नीट चौकशी व्हावी. मग सगळ्या देशासाठी तसा कायदा का होत नाही?"

मी त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. फोन ठेवल्यावर मात्र ते माझे मलाच अपुरे वाटले. आज त्या प्रश्नाचे उत्तर जरा सवडीने द्यावे, म्हणून हा विषय घेतला आहे.

प्रथम परिस्थिती कशी आहे ते पाहू. अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. जिनिव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०१७ साली तिथल्या नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी बंदुका व पिस्तुले होती. म्हणजे शंभर माणसांमागे एकशेवीस. २०२१ या एका वर्षात ४८ हजारांहून अधिक माणसे गोळी लागून मेली. त्यातली निम्म्याहून अधिक आत्महत्या करणारी होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आणि २०२० सालापासून तर १ ते १९ या वयातल्या मुलामुलींच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक हे झाले. त्याआधी ते कारण मोटारींचे अपघात हे होते.

आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे. रानडुकरे पिकात शिरतात म्हणून एखाद्या शेतकऱ्याला बंदूक हवी असली, तर त्याने परवान्यासाठी अर्ज करायचा, पोलिसांची चौकशी व्हायची, आणि मिळाला तर परवाना मिळायचा. म्हणजे बंदूक बाळगणे ही आपल्याकडे सरकारने दिलेली मोकळीक आहे. अमेरिकेत तो नागरिकाचा हक्क समजला जातो. १७९१ साली तिथल्या राज्यघटनेला ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांतली दुसरी दुरुस्ती शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्काविषयी आहे. त्याच वाक्यात सुव्यवस्थित नागरी सेनेचाही उल्लेख आहे. त्यामुळे हा हक्क त्या सेनेपुरता की प्रत्येक माणसाचा, असा वाद पुष्कळ वर्षे चालला. अखेर २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरवला. मात्र हा हक्क अमर्याद नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे.

आता हा हक्क मागणारा माणूस म्हणजे कुणी गुंड असला पाहिजे, असे आपण समजू नये. मोंटाना किंवा वायोमिंगसारख्या राज्यात घर एकीकडे आणि पोलिसठाणे कुठल्या कुठे, अशी वस्ती असते. रात्री कुणी दारात आले तर आपले रक्षण आपणच करायचे. शिकारीचा हंगाम हा तिथे आपल्याकडच्या जत्रेसारखा असतो, आणि बापाने मुलाला बंदूक धरायला शिकवणे हा घरचा संस्कार असतो. शिवाय इंग्रजांच्या राजाविरुद्ध बंदुका उचलूनच आपला देश स्वतंत्र झाला, ही आठवण त्यांच्या मनात खोल आहे. प्रौढ अमेरिकनांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांकडे स्वतःची बंदूक आहे. त्यांच्यातल्याही बहुसंख्यांना विकताना चौकशी झालेली हवी आहे. मग अडते कुठे?

इथे 'लॉबी' या शब्दाचा खुलासा केला पाहिजे. लॉबी म्हणजे मुळात कायदेमंडळाच्या सभागृहाबाहेरची ओसरी. आत सभासद कायदे करणार. ज्यांना त्या कायद्यात काही घालायचे किंवा त्यातून काही काढायचे असेल, ते बाहेर ओसरीवर सभासदांना गाठणार. त्यावरून त्या लोकांनाच लॉबी म्हणू लागले. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला दबावगट म्हणतात. यात बेकायदा काही नाही. सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकेच्या घटनेनेच दिलेला आहे. डॉक्टरांची लॉबी आहे, शेतकऱ्यांची आहे, शिक्षकांचीही आहे. परंतु बंदूकवाल्यांच्या लॉबीइतकी धास्ती सभासदांनी क्वचितच कुणाची घेतली असेल.

या लॉबीतली सर्वांत मोठी संस्था म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन, थोडक्यात एन. आर. ए. तिचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. ती स्थापन झाली १८७१ साली, न्यूयॉर्कमध्ये. यादवी युद्धात उत्तरेकडच्या शिपायांचा नेम फार कच्चा होता, असे त्यांच्या अधिकाऱ्यांना आढळले. तेव्हा लोकांना नेमबाजी शिकवावी, एवढाच हेतू. जवळजवळ शंभर वर्षे ही संस्था नेमबाजीच्या स्पर्धा, शिकारीचे शिक्षण, बंदूक सांभाळण्याचे नियम यातच रमली होती. १९३४ साली दरोडेखोरांच्या टोळ्यांना आळा घालण्यासाठी मशीनगनवर २०० डॉलरचा कर बसवणारा कायदा आला, तेव्हा पिस्तुलांना त्यातून वगळावे म्हणून तिने खटपट केली आणि ती साधली. पण त्याच वेळी तिचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की, ज्याने त्याने बंदूक घेऊन हिंडावे हे आपल्याला पसंत नाही, त्यावर कडक बंधन असावे. काँग्रेस म्हणजे तिथले कायदेमंडळ, बरं का. आपल्याकडचा पक्ष नव्हे.

१९६३ साली अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. ज्या रायफलीने झाला, ती टपालाने मागवलेली होती, आणि तिची जाहिरात एन. आर. ए.च्याच मासिकात आलेली होती. तरीही टपालाने बंदुका पाठवण्यावर बंदी घालायला पाच वर्षे लागली. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून पडले, तेव्हा कुठे १९६८ साली कायदा झाला. अध्यक्ष जॉन्सन यांना प्रत्येक बंदुकीची नोंद आणि प्रत्येक बाळगणाऱ्याला परवाना, अशा दोन गोष्टी हव्या होत्या. त्या दोन्ही गळाल्या. सही करताना जॉन्सन यांनी याचा दोष बंदूकवाल्यांच्या लॉबीलाच दिला.

आणि मग १९७७ साली सिनसिनाटी या शहरात संस्थेची वार्षिक सभा भरली. पदाधिकाऱ्यांचा विचार होता की, आता राजकारण कमी करावे, कचेरी वॉशिंग्टनहून कोलोरॅडोत हलवावी आणि शिकार व वनरक्षण यांकडे लक्ष द्यावे. ते सभासदांतल्या कडव्या मंडळींना मान्य नव्हते. ते तयारीने आले होते. सभा रात्रभर चालली, आणि पहाटेपर्यंत जुने पदाधिकारी जाऊन हार्लन कार्टर आणि त्यांचे सोबती गादीवर आले. तेव्हापासून संस्थेचा मुख्य उद्योग एकच झाला : बंदुकीवर बंधन घालणारा कोणताही कायदा अडवायचा. आज एक लहान बंधन मान्य केले तर उद्या घरातली बंदूक काढून नेतील, अशी त्यांची शिकवण.

तुम्ही म्हणाल, त्यांच्याजवळ पैसा असेल. पैसा होताच. २०१६च्या निवडणुकीत या संस्थेने डोनाल्ड ट्रम्प यांच्यासाठी तीन कोटी डॉलरच्या वर खर्च केला. पण पैशाने सगळे उलगडत नाही. अशा संस्थांच्या निधीतून एका उमेदवाराला थेट द्यायची रक्कम कायद्याने एका निवडणुकीपुरती ५ हजार डॉलरच आहे, आणि सिनेटच्या एका जागेच्या निवडणुकीचा खर्च कोट्यवधी डॉलरांत जातो. तेव्हा खरे वजन दुसरीकडे शोधले पाहिजे, आणि त्यासाठी तिथली राज्यपद्धती थोडी समजून घेतली पाहिजे.

आपल्याकडे उमेदवारी पक्ष देतो. तिकीट मुंबईहून नाहीतर दिल्लीहून येते. निवडून आल्यावर पक्षाचा व्हिप निघाला की त्याप्रमाणे मत द्यावे लागते. १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे, व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकते. म्हणून आपल्याकडे ज्याला काही करून घ्यायचे असेल, तो पुढाऱ्याच्या घरी जातो. अमेरिकेत सभासद आपल्या मताचा मालक असतो. पक्ष त्याचे सदस्यत्व काढून घेऊ शकत नाही. आणि त्याला उमेदवारीही पुढारी देत नाहीत. मुख्य निवडणुकीआधी एक प्राथमिक निवडणूक होते, तीत त्या भागातले पक्षाचे मतदार उमेदवार ठरवतात. ऐकायला ही पद्धत फार चांगली वाटते. अडचण एवढीच, की या प्राथमिक निवडणुकीला फारच थोडे लोक मतदानाला जातात. जिथे थोडे लोक जातात, तिथे जे हटकून जातात त्यांचे राज्य.

याचा अनुभव आपल्याला ग्रामसभेत येतो. गावात आठशे मतदार आहेत. त्यांतल्या सातशेंना वाटते की रस्त्यातले अतिक्रमण निघावे. पण ग्रामसभेला येतात साठ, आणि त्यांत अतिक्रमणवाले व त्यांचे भाऊबंद चाळीस. ठराव कोणता होईल? आणि पुढच्या वर्षी सरपंच कुणाला घाबरेल? सातशे जणांच्या मनात अतिक्रमण हा दहावा प्रश्न आहे. त्याआधी पाणी आहे, वीज आहे, शाळा आहे. चाळीस जणांच्या मनात तो पहिला आणि शेवटचा आहे.

एन. आर. ए.ने नेमके हेच हेरले. तिचे सभासद सुमारे ५० लाख असल्याचा दावा २०१३च्या सुमारास ती करीत असे. तीस कोटींहून मोठ्या देशात ही संख्या काही फार नाही. पण हा सभासद फक्त एका प्रश्नावर मत देतो. संस्थेने प्रत्येक लोकप्रतिनिधीचे प्रगतिपुस्तक ठेवले आहे. शिक्षक मुलांना देतात तशी श्रेणी : 'ए' म्हणजे उत्तम, 'एफ' म्हणजे नापास. बंदुकीसंबंधी सभागृहात कुठे कसे मत दिले, यावर श्रेणी ठरते, आणि निवडणुकीआधी ती सभासदांच्या घरी पोचते. एखादे विधेयक आले की त्याच आठवड्यात त्या सभासदाच्या कचेरीत पत्रांचा आणि फोनांचा पाऊस पडतो. दुसऱ्या बाजूच्या लोकांची पत्रेही येतात, पण ती एखादे हत्याकांड झाले की येतात, आणि दोन महिन्यांत थांबतात. बंदूकवाल्यांची वर्षाचे बारा महिने येतात.

यात भर सिनेटची. प्रत्येक राज्याला सिनेटात दोन जागा, मग राज्य लहान असो की मोठे. वायोमिंगची वस्ती सहा लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची ३ कोटी ९० लाखांच्या आसपास. दोघांचे दोन-दोनच सिनेटर. ज्या लहान, विरळ वस्तीच्या राज्यांत बंदुका जास्त, त्यांचे वजन साहजिकच वाढते. शिवाय तिथल्या नियमाप्रमाणे सिनेटातली चर्चा थांबवून बहुतेक विधेयके मताला टाकायची तर शंभरापैकी साठ सभासद अनुकूल लागतात. म्हणजे एकेचाळीस माणसे सांभाळली की कायदा अडला.

१९९४ साली काय झाले ते पाहा. आदल्या वर्षी दुकानदाराने बंदूक विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाची चौकशी व्हावी, असा कायदा झाला होता. १९८१ साली अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात जबर जखमी झालेल्या जेम्स ब्रॅडी यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यांच्या पत्नी सेरा ब्रॅडी यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली होती. पाठोपाठ लष्करी धर्तीच्या काही बंदुकांच्या नव्या विक्रीवर दहा वर्षांची बंदी आली. प्रतिनिधिगृहात ती २१६ विरुद्ध २१४, अशी जेमतेम मंजूर झाली होती. नोव्हेंबरात निवडणूक झाली, आणि डेमोक्रॅटिक पक्षाने चाळीस वर्षांनंतर प्रतिनिधिगृहातले बहुमत गमावले. खुद्द सभापती टॉम फोली पडले. टेक्सासचे जॅक ब्रुक्स चार दशकांहून अधिक काळ सभासद होते, या बंदीला त्यांचा स्वतःचा विरोधही होता. परंतु ती ज्या मोठ्या विधेयकात होती त्याला त्यांनी मत दिले होते. तेही पडले. पराभवाला इतरही कारणे होती, आणि बंदुकीचा वाटा किती याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण सभासदांनी अभ्यासकांचे ग्रंथ वाचले नाहीत. त्यांनी फक्त पडलेल्यांची नावे वाचली. २००४ साली ती बंदी मुदत संपून गेली; तिला कुणी हात लावला नाही.

या धास्तीचा परिणाम कुठवर गेला, याची एक हकीकत सांगतो. अमेरिकेत साथीच्या रोगांचा अभ्यास करणारे सरकारी केंद्र अटलांटा येथे आहे. त्याच्या पैशाने झालेल्या एका अभ्यासातून १९९३ साली असे दिसले की, घरात बंदूक असली तर घरातल्याच माणसाचा खून होण्याचा धोका वाढतो. १९९६ साली काँग्रेसने अर्थसंकल्पात एक वाक्य घातले : या केंद्राचा पैसा बंदूकनियंत्रणाच्या पुरस्कारासाठी वापरता येणार नाही. आणि बंदुकीच्या जखमांच्या अभ्यासावर जेवढे २६ लाख डॉलर खर्च होत होते, नेमके तेवढेच कमी केले. वाक्यात संशोधनाला बंदी नव्हती. पण शहाण्याला शब्दाचा मार. वीसहून अधिक वर्षे हा अभ्यास जवळजवळ थांबला. ज्यांच्या नावाने ती दुरुस्ती ओळखली जाते, त्या जे डिकी यांनी पुढे उघडपणे सांगितले की, संशोधन थांबायला नको होते. २०२० सालच्या अर्थसंकल्पात पुन्हा अडीच कोटी डॉलर मिळाले, तेही दोन संस्थांत वाटून.

असाच दुसरा कायदा २००५चा. बंदुकीचा गैरवापर झाला तर कारखानदारावर वा विक्रेत्यावर बहुतेक दावे चालणार नाहीत, असे संरक्षण त्याने दिले. त्यातल्या एका अपवादाचा आधार घेऊन काही पालकांनी रेमिंग्टन कंपनीवर दावा लावला, आणि २०२२ साली ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली. ते पालक होते सँडी हूकचे.

सँडी हूक ही कनेक्टिकट राज्यातली प्राथमिक शाळा. १४ डिसेंबर २०१२ रोजी तिथे वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. मुले सहा-सात वर्षांची होती. सगळा देश हादरला. आता तरी कायदा होईल, असे सर्वांना वाटले. दोन सिनेटरांनी मिळून प्रस्ताव आणला : डेमोक्रॅटिक पक्षाचे मँचिन आणि रिपब्लिकन पक्षाचे टूमी. दोघेही बंदूकवाल्यांच्या प्रगतिपुस्तकात चांगल्या श्रेणीचे. मागणी अगदी साधी : दुकानात चौकशी होते, तशी बंदुकांच्या जत्रेत आणि इंटरनेटवरच्या विक्रीतही व्हावी. चाचण्यांत शंभरात नव्वदांच्या आसपास लोक अनुकूल होते. १७ एप्रिल २०१३ रोजी मतदान झाले. बाजूने ५४, विरुद्ध ४६. साठ हवी होती, म्हणून प्रस्ताव पडला. मारल्या गेलेल्या मुलांचे आईबाप त्या दिवशी प्रेक्षकांच्या सज्जात बसले होते.

त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने आपल्यापुरता कायदा केला. विक्रीपूर्वी सर्वत्र चौकशी, आणि पंधराहून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनला बंदी. तिथे निवडून आलेल्याला मुदतीआधी परत बोलावता येते. बंदूकवाल्यांनी सह्या गोळा केल्या, आणि सप्टेंबरात राज्य सिनेटचे अध्यक्ष व आणखी एक सिनेटर घरी बसले. अध्यक्ष तर काही शे मतांनी गेले. आणि गंमत पाहा, त्या लढतीत पैसा कायद्याच्या बाजूनेच जास्त खर्च झाला होता! मतदानाला माणसे मात्र दुसऱ्या बाजूची अधिक आली. पुढच्या वर्षीच्या नेहमीच्या निवडणुकीत, जेव्हा सर्वसामान्य मतदार बाहेर पडला, तेव्हा त्या दोन्ही जागा डेमोक्रॅटिक पक्षाने परत जिंकल्या. कायदाही टिकला. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका हकीकतीत आहे.

उरलेले अर्धे असे. ही ओसरी कुणा एकाच्या मालकीची नाही. सँडी हूकच्या दुसऱ्या दिवशी इंडियाना राज्यातल्या शॅनन वॉट्स या गृहिणीने घरच्या संगणकावरून इतर आयांना हाक दिली. त्यातून आयांची संघटना उभी राहिली, आणि राज्याराज्यांच्या विधिमंडळात त्या महिन्यामागून महिने जाऊन बसू लागल्या. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मारले गेले. वाचलेली मुले गप्प बसली नाहीत. ती राजधानीत जाऊन आमदारांच्या दारात उभी राहिली. तीन आठवड्यांच्या आसपास फ्लोरिडाने बंदूक घेण्याचे वय एकवीस केले. सही करणारे गव्हर्नर रिक स्कॉट हे एन. आर. ए.कडून उत्तमातली उत्तम श्रेणी मिळालेले होते. आणि २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधल्या युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत एकोणीस मुले व दोन शिक्षिका गेल्यावर सिनेटात ६५ विरुद्ध ३३ मतांनी कायदा झाला. पंधरा रिपब्लिकनांनी त्याला मत दिले. एकवीस वर्षांखालच्या गिऱ्हाइकाची अधिक कसून चौकशी, धोकादायक माणसाकडून कोर्टाच्या हुकमाने बंदूक काढून घेणाऱ्या राज्यांना पैसा, मानसिक आरोग्यासाठी मदत. सर्वत्र चौकशीची गोष्ट त्यातही नाही. तरी तीस वर्षांतला तो पहिलाच मोठा केंद्रीय कायदा. लढा संपला असे मात्र नाही. त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर बंदूक बाळगण्याचा हक्क आणखी रुंद केला.

मधल्या काळात खुद्द एन. आर. ए.चे दिवस फिरले. संस्थेचा पैसा चैनीवर उडवल्याच्या आरोपावरून न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी २०२० साली दावा लावला. अनेक वर्षे सर्वेसर्वा असलेले वेन लापिएर यांनी जानेवारी २०२४ मध्ये राजीनामा दिला, आणि पुढच्याच महिन्यात ज्यूरीने त्यांना जबाबदार धरून ४३ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून देण्यास सांगितले. संस्थेचे उत्पन्न घटले, सभासद घटले. पण सभासदांची धास्ती तेवढी घटली नाही. कारण ती संस्थेच्या तिजोरीवर उभी नव्हतीच. प्राथमिक निवडणुकीला न चुकता येणारा जो मतदार तिने चाळीस वर्षे घडवला, तो आहे तिथेच आहे.

तेव्हा श्रोतेहो, माझ्या विद्यार्थिनीला मी काय सांगितले? नंतर मी तिला पत्र लिहिले. बहुसंख्यांचे चालते हे मी तुला शिकवले, ते अपुरे शिकवले. जी बहुसंख्या एखादा प्रश्न मनात धरून ग्रामसभेपासून मतदानापर्यंत टिकते, तिचे चालते. वाटणे आणि मागणे यांत फरक आहे. आणि एकदा मागणे व दर महिन्याला मागणे यांत त्याहून मोठा फरक आहे. बंदूकवाल्यांनी लोकशाही चोरली, असे म्हणून सुटता येणार नाही. त्यांनी ती वापरली, दुसऱ्यांनी घरी ठेवली.

हे फक्त अमेरिकेपुरते आहे का, ते आपले आपण तपासावे. आपल्या गावच्या शाळेची भिंत दर पावसाळ्यात गळते, हे सगळ्यांना ठाऊक असते. ती गळू नये असे सगळ्यांनाच वाटते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला किती पालक येतात, ते इथे ऐकत असलेल्या शिक्षकांना विचारा.

माझ्या पत्राला तिचे उत्तर आले. लिहिते, "सर, मी इथली नागरिक नाही, मला मत नाही. पण आमची मुलगी इथेच जन्मली, अकरा वर्षांनी तिला मत असेल. तोवर मी शेजारच्या चार बायकांबरोबर महिन्यातून एकदा आमच्या भागाच्या आमदाराच्या कचेरीत जाते. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या कारकुनाने आमची नावं लिहून घेतली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याला ती पाठ होती."